छायाचित्रात नसलेली नावे

दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचन करताना १९४३ सालचे एक समूहचित्र माझ्या पाहण्यात आले. ऑस्ट्रेलियात घेतलेल्या या छायाचित्रात पुढच्या ओळीत लायन, डेव्हिडसन, पेज हे अधिकारी बसले आहेत. मागे त्यांचे सोबती उभे आहेत. ही माणसे कोण, हे भगिनींना सांगावेसे वाटले.

मेजर आयव्हन लायन यांच्या नेतृत्वाखाली चौदाजण २ सप्टेंबर १९४३ रोजी एका मासेमारी नौकेतून जपान्यांच्या ताब्यातील सिंगापूरकडे निघाले. नौका मूळची जपानी. ती आधी हिंदुस्थानात आली आणि मुंबईहून जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियास नेली गेली. तिचे नाव ठेवले ‘क्रेट’, म्हणजे आपली मण्यार! अंगाला तपकिरी रंग फासून, जपानी निशाण फडकावीत हे वीर शत्रूच्या समुद्रात शिरले. २६ सप्टेंबरच्या रात्री सहाजणांनी तीन घडीच्या होड्या वल्हवीत बंदर गाठले आणि जहाजांना चुंबकी सुरुंग चिकटवले. सहा-सात जहाजे बुडाली वा निकामी झाली. १९ ऑक्टोबरला चौदाहीजण सुखरूप परतले.

मोहीम गुप्तच राहिली. जपान्यांना वाटले, हे सिंगापुरातल्याच कोणाचे काम! १० ऑक्टोबरपासून धरपकड झाली. सत्तावन्न निरपराध माणसांचा छळ झाला, त्यांतील पंधरा दगावली. पतीला पकडून नेल्यावर त्यांची विचारपूस करणाऱ्या एलिझाबेथ चोय यांनाही कोठडीत डांबले. सुमारे दोनशे दिवस त्यांनी यातना सोसल्या. पुढे छळणाऱ्यांची नावे विचारली, तेव्हा त्यांनी ती सांगितली नाहीत. दोष युद्धाचा, असे त्या म्हणाल्या. १९५१ साली त्या सिंगापूरच्या विधिमंडळात बसल्या. २००६ साली त्या निवर्तल्या.

अधिकाऱ्यांचेही दैव फिरले. १९४४ साली तेवीसजण पुन्हा सिंगापूरवर गेले. एकही परतला नाही. लायन व डेव्हिडसन लढताना पडले. पेज यांचा ७ जुलै १९४५ रोजी शिरच्छेद झाला. महिन्याभरानंतर युद्धच थांबले! लायन यांच्या पत्नी व चिमुकला मुलगा हिंदुस्थानकडे येताना १९४२ साली समुद्रात पकडले जाऊन जपानात कैदेत होते. घरधनी गेला, ती माउली मात्र शत्रूच्याच देशात.

रणात जाणाऱ्याने आपला धोका स्वतः पत्करलेला असतो. चोयबाईंना तो कोणी विचारलाही नव्हता. शौर्याचा हिशेब मांडताना हे मोलही मांडले पाहिजे. म्हणून त्यांचे नाव आपल्या स्मरणिकेत नोंदवीत आहे.