लसीचे चुंबकत्व (अफवा)

कोरोनाप्रतिबंधक लस घेतल्यावर शरीर, विशेषतः सुई टोचलेला दंड, लोहचुंबकासारखा धातू धरून ठेवतो आणि मोबाइललाही ते चुंबकत्व कळते, असा २०२१ मध्ये जगभर पसरलेला खोटा समज. महाराष्ट्रात तो सर्वाधिक गाजला नाशिकमध्ये.

मे २०२१ पासून दंडावर चुंबक चिकटवून दाखवणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरत होत्या. ८ जूनला अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विधिमंडळ समितीपुढे शेरी टेनपेनी या लसविरोधी डॉक्टरने, लस घेतलेल्यांच्या कपाळाला किल्ली चिकटते, असे सांगितले. त्याच सुमारास नाशिकच्या सिडको भागातील एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला नाणी, चमचे आणि ताटल्या चिकटलेल्या दिसल्या. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसनंतर हे घडू लागले, असा दावा होता. वृत्तवाहिन्यांनी ते दृश्य दाखवले. लशीने असे काही होत नाही, असे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही दावा फेटाळला. तोवर चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर पोहोचली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने घरातली माणसे नेली होती, तरुणांना लशीसाठी नोंदणी करूनही वेळ मिळत नव्हती. अशा वेळी घाबरलेल्या माणसाला वेडा ठरवणे अन्याय्य आहे. पण त्या घबराटीने एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा डोस टळला असेल, तर ते नुकसान खरे होते.

वस्तू चिकटतात हे खोटे नाही. कारण वेगळे आहे. त्वचेवर तेलकट थर आणि घाम असतो. जूनच्या दमट हवेत तो वाढतो. गुळगुळीत, सपाट वस्तू अशा त्वचेवर दाबली की द्रवाचा पातळ पापुद्रा आणि घर्षण तिला धरून ठेवतात. छाती किंवा खांदा किंचित मागे कलता असेल तर वजनाचा बराच भार त्वचेवरच टेकतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या, तेव्हाही खेळ पृष्ठताणाचा आणि केशाकर्षणाचाच होता. मलेशियातील ल्यू थाउ लिन हे गृहस्थ लस येण्याच्या कितीतरी आधीपासून पोटावर इस्त्र्या चिकटवून दाखवत; तपासणाऱ्यांना त्यांच्या शरीराभोवती चुंबकक्षेत्र आढळले नाही.

परीक्षा सोपी आहे, आणि नेमकी तीच चित्रफितींत नसते. दंड साबणाने धुऊन, पुसून त्यावर टाल्कम पावडर लावावी, वस्तू घसरते. दुसऱ्या, सुई न टोचलेल्या दंडावर करून पाहावे. तिथेही तितकीच चिकटते. लस न घेतलेल्या माणसावरही करून पाहावे. पिवळे पाच रुपयांचे नाणे निकेल-पितळेचे आहे, त्याला चुंबक ओढत नाही. घरातील बरीच स्टीलची भांडीही चुंबकाला दाद देत नाहीत. ती अंगाला चिकटली, तर चुंबकाचा संबंधच संपला.

लशीत काय असते, हेही उघड आहे. कोविशील्डच्या अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात बदललेला विषाणू, हिस्टिडीन, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट ८०, इथेनॉल, साखर, मीठ, ईडीटीए आणि पाणी असते. कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते, पण त्याला लोखंडासारखे चुंबकत्व नसते. मुळात शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतेच, बहुतेक रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये. ते विखुरलेले असते आणि लोखंडाच्या तुकड्यासारखे वागत नाही. तसे वागले असते तर एमआरआयच्या दीड-तीन टेस्लाच्या यंत्रात कोणालाच झोपवता आले नसते.

मोबाइलचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण अनेक मोबाइलमध्ये चुंबकमापक खरोखर असतो. नकाशात दिशा दाखवणारे होकायंत्र त्यावरच चालते. तो पृथ्वीचे चुंबकक्षेत्र मोजतो. महाराष्ट्रात ते साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला, म्हणजे फ्रिजवर लावायच्या चुंबकाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. इतके क्षीण क्षेत्र मोजणारे साधन जवळच्या लोखंडाने किंवा विजेच्या प्रवाहाने लगेच बिचकते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली, ती याच कारणाने. साखरा (ता. सेनगाव, जि. हिंगोली) येथील एखाद्या अंगणात मोबाइलवर ‘मेटल डिटेक्टर’ अॅप उघडून ट्रॅक्टरजवळ, मोटारीच्या स्टार्टरजवळ, लोखंडी बाजेजवळ किंवा पत्र्याजवळ नेले तर आकडा उड्या मारतो. मोबाइलच्या कव्हरमधले चुंबकही आकडा बदलते. माणसाचा दंड त्या जागी न येताही आकडा तसाच हलतो, म्हणून दंडाजवळ आकडा बदलल्याने लशीबद्दल काहीच कळत नाही. शिवाय चुंबकाचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो: अंतर दुप्पट झाले की तो आठवा हिस्सा उरतो. लस स्नायूत त्वचेखाली खोल जाते, आणि त्या अर्ध्या मिलिलिटर द्रवात चुंबक होईल असे काही नसतेच.

याच अफवेची धाकटी बहीण म्हणजे ब्लूटूथची अफवा. लस घेतलेल्या माणसाजवळ मोबाइलचे ब्लूटूथ चालू केले की अनोळखी अक्षरे-आकड्यांची नावे दिसतात, ती त्याच्या अंगातल्या ‘चिप’ची, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात ती नावे शेजारच्या घरातल्या टीव्हीची, कानातल्या इअरफोनची, मनगटी घड्याळाची आणि दुसऱ्यांच्या मोबाइलची असतात. ब्लूटूथच्या लहरी पाठवायला अँटेना लागतो आणि सतत वीज लागते. लशीच्या बारीक सुईचे छिद्र पाव मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातून बॅटरी आणि अँटेना दंडात जाणे शक्य नाही.