हवेच्या पांघरुणाचा शोध



थंडीच्या दिवसांत रात्रीं आकाश ढगाळ असलें कीं हवेंत ऊब राहते, आणि निरभ्र असलें कीं पहांटे गारठा अधिक पडतो, हा अनुभव आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या आहे. परंतु पृथ्वीवरील सगळी हवा हेंच एक पांघरूण आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांना उमगूं लागली ती एकोणिसाव्या शतकांत. हें पांघरूण आपण आपल्याच हातांनीं जाड करीत आहों, हें ध्यानांत येण्यास आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. या शोधाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१८२४ सालीं फूरिए या फ्रेंच गणितज्ञानें पृथ्वीच्या उष्णतेचा प्रश्न हातीं घेतला. सूर्यापासून मिळालेली उष्णता पृथ्वी पुन्हां अवकाशांत सोडून देते. मग ती आहे त्याहून पुष्कळ थंड कां नाहीं? सूर्यप्रकाश हवेंतून सहज आंत येतो, परंतु तापलेल्या जमिनीची अदृश्य उष्णता तितक्या सहजतेनें बाहेर पडत नाहीं, असें उत्तर त्यानें सुचविलें. मात्र हवेंतील कोणता घटक ही उष्णता अडवितो, हें कोडें उरलेंच.

पुढचें पाऊल एका स्त्रीनें टाकलें, आणि तिचें नांव जग जवळजवळ दीडशें वर्षें विसरून गेलें होतें. अमेरिकेंतील युनिस फूट या बाईंनीं कांचेच्या दोन नळ्यांत उष्णतामापकें ठेविलीं. एकींत साधी हवा भरली. दुसरींत कर्बाम्लवायु, म्हणजे ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों तो वायु भरला. आणि दोन्ही नळ्या उन्हांत ठेविल्या. कर्बाम्लवायूची नळी अधिक तापली, आणि उन्हांतून काढल्यावर तिला निवावयास कितीतरी अधिक वेळ लागला. पूर्वीं कधीं हा वायु हवेंत जास्त असेल, तर पृथ्वीही अधिक उष्ण असली पाहिजे, असें अनुमान बाईंनीं काढलें. त्यांचा निबंध १८५६ च्या ऑगस्टांत अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सभेंत वाचला गेला. पण तो वाचला जोसेफ हेन्री या गृहस्थांनीं.

बाईंचा प्रयोग उन्हांतला होता. जमिनीपासून निघणाऱ्या काळोख्या उष्णतेचें काय होतें, याची खात्री १८५९ सालीं लंडन येथें जॉन टिंडाल यानें करून घेतली. हवेचा बहुतेक सर्व भाग ज्यांचा बनला आहे, ते नत्रवायु आणि प्राणवायु ही उष्णता बिनदिक्कत जाऊं देतात. ती अडवितात पाण्याची वाफ आणि अत्यल्प प्रमाणांत असलेला कर्बाम्लवायु. जेवणांत मीठ चिमूटभरच असतें, पण सगळी चव त्याच्या हातीं असते, तसाच हा प्रकार आहे.

१८९६ सालीं स्वीडनच्या अऱ्हेनिअसनें गणित मांडलें. हिमयुगें कां आलीं, हें त्याला शोधावयाचें होतें. कर्बाम्लवायु दुप्पट झाला तर पृथ्वी ५ ते ६ अंशांनीं तापेल, असें त्याला आढळलें. आजचे शास्त्रज्ञ हा आंकडा अडीच ते चार अंशांच्या दरम्यान धरतात. केवळ कागद-लेखणीनें केलेल्या त्या हिशेबाचें नवल वाटल्याशिवाय राहत नाहीं. मात्र एवढा वायु सांचण्यास हजारों वर्षें लागतील, असें तो समजत होता. आणि थंड देशांतील या माणसाला ती ऊब हितावहच वाटली.

१९३८ सालीं गाय कॅलेंडर या इंग्रज इंजिनिअरानें जगांतील १४७ ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी पडताळून सांगितलें कीं, पृथ्वी तापूं लागली आहे आणि त्याचें एक कारण दगडी कोळसा आहे. तज्ज्ञांना तें पटलें नाहीं. गंमत अशी कीं, कॅलेंडरलाही ही वाढ लाभदायकच वाटत होती.

शंका फिटली ती १९५८ नंतर. त्या वर्षीं चार्ल्स कीलिंग यानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर या वायूचें अखंड मोजमाप सुरू केलें. तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें ३१५ भाग होते. कारखान्यांच्या युगापूर्वीं २८० होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेले. त्याच वर्षीं पृथ्वीचें सरासरी तापमान कारखान्यांच्या युगापूर्वीच्या मानानें सुमारें दीड अंशानें अधिक भरलें.

दीड अंश म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. पण शरीराचा ताप दीड अंशानें वाढला तर आपण वैद्याला बोलावतों. हवा एक अंश तापली कीं ती सुमारें ७ टक्के अधिक वाफ धरूं शकते. म्हणून पाऊस पडतो तेव्हां एकदम कोसळतो. समुद्राचें पाणी तापून फुगतें, हिमनद्या वितळतात. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईंत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या एका दिवसाचें खापर केवळ या कारणावर फोडणें न्याय्य नव्हे. परंतु तशा दिवसांचा संभव वाढत आहे, हें नाकारतां येत नाहीं. आणि अधिक दुःखाची गोष्ट ही कीं, ज्यांच्या चुलीचा धूर सर्वांत थोडा, त्यांच्याच शेताला आणि झोपडीला पहिला फटका बसतो.

मग उपाय काय? पहिला, कोळसा व खनिज तेल जाळणें कमी करून सूर्य आणि वारा यांपासून शक्ति मिळविणें. १९९२ सालीं रिओ येथें आणि २०१५ सालीं पॅरिस येथें राष्ट्रांनीं तसे करार केले; पाळणें त्यांना जड जात आहे. परंतु ओझोनचा थर राखण्यासाठीं १९८७ सालीं माँट्रिऑल येथें झालेला करार जगानें पाळला, हेंही विसरूं नये. दुसरा उपाय सावधगिरीचा. १९९९ च्या चक्रीवादळांत ओडिशांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. २०१३ सालीं तसेंच प्रचंड वादळ आलें, तेव्हां लक्षावधि लोकांना अगोदर हलविल्यामुळें मृतांचा आंकडा पन्नासाच्या आंत राहिला.

युनिस फूट यांच्या दोन नळ्यांपैकीं कोणती उशिरां निवली, हें आपणांस ठाऊक आहे. आपली पृथ्वीही तशीच सावकाश निवणार. म्हणून आज आपण जें करूं, त्याचें फळ आपल्या नातवंडांच्या वाट्याला येईल. आणि जें करणार नाहीं, त्याचेंही.