अंड्याच्या दारात

डेल्फ्ट, १६७७. बाहेर नेदरलँड्सची थंडी आहे. खिडकीशी उभा असलेला कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेवेनहुक पितळेची एक छोटी पट्टी तुमच्या हातात देतो. तिच्यात बसवलेलं भिंग इतकं लहान आहे की पापणी टेकेपर्यंत ते डोळ्याशी न्यावं लागतं. मान उजेडाकडे वळवा. सुरुवातीला नुसतं धूसर दिसतं, मग ते एकाएकी दिसू लागतात. गोलसर डोकं, बारीक शेपटी, आणि वळवळ अशी की थांबतच नाही. असे दहा लाख एकत्र केले तरी वाळूच्या एका मोठ्या कणाएवढे भरणार नाहीत, असा त्याचा हिशेब आहे.

पहिला नमुना त्याच्याकडे लायडनचा विद्यार्थी योहान हॅम घेऊन आला होता, एका आजारी माणसाचा. आता लेवेनहुक स्वतःचं वीर्य तपासतो आहे. ते पत्नीशी झालेल्या संबंधातून मिळालं आहे, यात पाप नाही, हे तो लंडनच्या रॉयल सोसायटीला आवर्जून कळवतो. विद्वानांना किळस येणार असेल तर हे सगळं खाजगी समजावं, छापायचं की नष्ट करायचं ते आपण ठरवावं, असंही लिहितो. त्या संकोचातही त्याने पत्र पाठवलं, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात, पण त्याला काही सांगता येणार नाही. म्हणून जे दिसतंय तेच नीट पाहा: किती आहेत आणि कसे पोहतात. पुढची तीन शतकं माणूस मुख्यतः हेच पाहत राहणार आहे.

शंभर वर्षं पुढे या. इटलीतला लाझारो स्पालान्झानी बेडकाच्या नराला मेणकापडाची चड्डी शिवून घालतो आहे. मादीची अंडी वाया जातात. चड्डीत साठलेले थेंब अंड्यांना लावले की मात्र पिल्लं होतात. मग तो वीर्य कागदातून गाळतो. खाली आलेलं पाणी निरुपयोगी ठरतं, आणि कागदावर राहिलेला साका अंडी फळवतो. उत्तर कागदावर समोर आहे, तरी त्याचा विश्वास द्रवावरच. वळवळणारे जीव त्याला उपरे वाटतात. १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा हा प्रयोग पुन्हा करतील, तेव्हा शुक्रजंतूंना त्यांचं श्रेय मिळेल.

आता बाझेलला चला, १८७४. ऱ्हाईन नदीत सामन मासे चढले आहेत. फ्रीडरिश मीशरच्या खोलीत मुद्दाम गारठा ठेवला आहे, नाहीतर माशांच्या शुक्रजंतूंतला माल नासतो. तुमची बोटं बधिर होतील. याच माणसाने पाच वर्षांपूर्वी ट्यूबिंगेनमध्ये पुवातल्या पेशींतून पहिल्यांदा न्यूक्लीन, म्हणजे आजचं डीएनए, वेगळं केलं होतं. आज त्याला सामनच्या शुक्रजंतूत आणखी एक पदार्थ सापडतो. तो त्याला प्रोटामीन म्हणतो. शुक्रजंतूचं खास असं हे पहिलं प्रथिन. ते काय करतं, हे कळायला पुढचं शतक उजाडावं लागलं: वळकटी बांधावी तसं ते बापाचं डीएनए इतकं आवळून बांधतं की ते त्या इवल्या डोक्यात मावावं आणि वाटेत तुटू नये. माणसात याचे दोन प्रकार असतात, आणि काही वंध्य पुरुषांमध्ये त्यांचं एकमेकांशी प्रमाण बिघडलेलं आढळतं. भिंगातून असा शुक्रजंतू धडधाकट पोहताना दिसू शकतो.

खरं थांबायचं आहे ते जपानमध्ये.

आधी शिमाने प्रांतातल्या इझुमो मंदिरात जाऊ. छताखाली भाताच्या पेंढ्याचा अजस्र दोर टांगलेला आहे. लग्नं जुळावीत, नाती बांधली जावीत म्हणून लोक इथे येतात. दोनदा वाकतात, चार टाळ्या वाजवतात, पुन्हा वाकतात. इथून ओसाका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत या. साल २००५. मासारू ओकाबे यांच्याकडे १९८७ पासून एक प्रतिपिंड आहे. ते उंदराच्या शुक्रजंतूला चिकटलं की शुक्रजंतू अंड्यात मिसळू शकत नाही. म्हणजे ते नेमकं अशा कशाला तरी चिकटतं, ज्याच्यावाचून मीलन अडतं. ते काय, हे शोधण्यात अठरा वर्षं गेली. आज नाओकाझू इनोऊए, मासाहितो इकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन ओळखलं आहे, आणि त्याला त्या मंदिराचं नाव दिलं आहे: इझुमो.

ज्या उंदरांतून इझुमोचं जनुक काढून टाकलं, त्यांतल्या माद्यांना पिल्लं होतात. नर निरोगी आहेत, माद्यांशी त्यांचा संबंध होतो, वीर्यात शुक्रजंतू भरपूर, पोहणंही ठीक. पण या नरांपासून एकाही मादीला गर्भ राहत नाही. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. हे अशाच नराशी संबंध आलेल्या मादीचं अंडं आहे. बाहेरचं जाड आवरण शुक्रजंतूंनी पार केलं आहे. आवरण आणि अंड्याचा पडदा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते दाटीने जमले आहेत. अंड्याला खेटून शेपट्या हलताहेत, आणि पुढे काहीही घडत नाही. निरोगी जोडीत एक आत गेला की बाकीच्यांना मज्जाव होतो. इथे आत कुणीच गेलेलं नाही, म्हणून मागचे येतच राहिले आहेत. सगळा प्रवास झाला, आणि केवळ एका प्रथिनावाचून सगळे दारात अडले. बराच वेळ पाहा, घाई नाही.

हे प्रथिन सुरुवातीला शुक्रजंतूच्या पृष्ठभागावर नसतंच. डोक्यावरची रसायनांची टोपी फुटली की मगच ते वर येतं. माणसातही इझुमो आहे. त्याला अडवणारं प्रतिपिंड घातलं की मानवी शुक्रजंतूही आवरण काढलेल्या हॅमस्टरच्या अंड्यात मिसळत नाहीत, हेही ओसाकाच्या याच शोधनिबंधात आहे.

आणि याच उंदरांचा शुक्रजंतू सुईने थेट अंड्यात सोडला, तर धडधाकट पिल्लं जन्मतात! ही सुई आधीच आली होती. ब्रुसेल्समध्ये ज्यानपिएरो पालेर्मो शुक्रजंतू आवरणाखाली सोडत असताना एक चुकून अंड्याच्या आत गेला आणि गर्भ तयार झाला. १९९२ मध्ये या पद्धतीने पहिली बाळं जन्मली. आपल्याकडे आज गावोगावच्या केंद्रांत तिला इक्सी म्हणतात. काउंट अगदी कमी असलेल्या कितीतरी पुरुषांना तिने बाप केलं.

पण सुईने दार ओलांडता येतं, आतलं काम सुई करत नाही. २००२ मध्ये टोनी लाय आणि कार्ल स्वान यांच्या गटाने पीएलसी झीटा हे प्रथिन शोधलं. शुक्रजंतू ते सोबत आणतो. त्याने अंड्यात कॅल्शियमच्या लाटा उठतात, थांबतात, पुन्हा उठतात, असं काही तास चालतं, आणि त्या लाटांनीच अंडं जागं होऊन गर्भ व्हायला लागतं. ज्या पुरुषांच्या शुक्रजंतूत ते नसतं किंवा बिघडलेलं असतं, त्यांच्यात इक्सीही वारंवार फसते. अशा वेळी अंड्याला कृत्रिमरीत्या कॅल्शियम पुरवण्याचा उपाय केला जातो.

२०१४, केंब्रिजजवळचं हिंक्स्टन. एन्रिका बियांकी आणि गॅव्हिन राइट अंड्याच्या बाजूचा इझुमोचा जोडीदार शोधतात. विवाहाच्या रोमन देवतेवरून त्याचं नाव जुनो ठेवतात. एक शुक्रजंतू मिसळला की सुमारे चाळीस मिनिटांत अंडं आपल्यावरचे सगळे जुनो टाकून देतं, म्हणून दुसरा आत येऊ शकत नाही. तरी दोन पेशींवर नुसते इझुमो आणि जुनो ठेवले तर त्या एकमेकींना चिकटतात, मिसळत नाहीत. आणखी हात लागतात. मग एकेक नावं येत गेली, आणि २०२४ मध्ये व्हिएन्नात आंद्रेआ पाउली यांच्या गटाने संगणकाच्या भाकिताची मदत घेऊन दाखवलं की शुक्रजंतूवर इझुमोसह तीन प्रथिनं एकत्र बांधलेली असतात. मासा असो की माणूस, रचना तीच.

आता आजच्या तारखेला, आपल्या गावात या. वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्रजंतू, ४२ टक्के हलणारे, ४ टक्के नीट आकाराचे, ही खालची मर्यादा. म्हणजे अजूनही लेवेनहुकचेच प्रश्न: किती, आणि पोहतात का. इझुमो, पीएलसी झीटा, प्रोटामीन यांचा त्या कागदावर उल्लेख नाही. नेहमीच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्या काही पुरुषांच्या शुक्रजंतूंत कॅटस्पर हा कॅल्शियमचा मार्गच बंद असल्याचं आढळलं आहे. रिपोर्ट नॉर्मल असतो, मूल होत नाही, आणि घरात बोट सुनेकडे वळतं. नवस तिनेच बोलायचे, सोनोग्राफ्या तिच्याच, टोमणेही तिनेच ऐकायचे.

जगात सुमारे सहामागे एका माणसाला आयुष्यात कधी तरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही भाग तरी पुरुषाकडे असतो. म्हणून मूल होत नसेल तर पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी करायला सांगा. वीर्याची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. शुक्रजंतू घडायला अडीच महिन्यांच्या आसपास वेळ लागतो, म्हणून एक रिपोर्ट बिघडलेला आला तर पुन्हा तपासा. आयव्हीएफच्या डिशमध्ये अंडी फळलीच नाहीत, तर शुक्रजंतूचं काय चुकलं असेल, हे डॉक्टरांना थेट विचारा. आणि ‘तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य घरी नेऊन बायकोवर ठपका ठेवायला वापरू नका.