डब्लिनची बॅटरीवरची पॅसेंजर

पाचोरा-जामनेरची 'पीजे' आठवा, नाहीतर चाळीसगाव-धुळे पॅसेंजर. दोन ठरलेली टोकं आणि दिवसभर तीच ये-जा. ट्रेन बॅटरीवर चालवायची तर अशीच छोटी लाइन हवी, कारण टोकाला पोचलं की चार्जिंगला वेळ मिळतो. डब्लिनच्या लोकांनी हा हिशोब १९३२ सालीच मांडला होता. डब्लिन ते ब्रे, जेमतेम वीसेक किलोमीटर. गाडी सतरा वर्षं चालली!

मुळात अडचण होती कोळशाची. १९२२ मध्ये आयर्लंडमध्ये स्वतःचं सरकार आलं, पण इंजिनात टाकायचा कोळसा ब्रिटनमधूनच यायचा. दीपनगरच्या चिमण्या बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही अडचण चटकन समजणार नाही. मग १९२९ मध्ये शॅनन नदीवर आर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घरची वीज तर आली, पण ती रेल्वेत वापरायची कशी? सगळ्या मार्गावर तारा टाकायचा खर्च झेपणारा नव्हता.

जेम्स ड्रम नावाच्या केमिस्टने निकेल आणि जस्ताची बॅटरी तयार केली. सरकारने तिच्यात पैसा घातला. तिची खासियत म्हणजे आजच्या भाषेत फास्ट चार्जिंग. तेव्हाच्या नेहमीच्या बॅटऱ्यांना तासन् तास लागायचे. ही भरपूर करंट पटकन घ्यायची आणि तसाच पटकन द्यायची. स्टेशनातून निघताना दोन डब्यांची जड गाडी ओढायला नेमकं हेच लागतं. शिवाय ब्रेक लावला की मोटर उलटी जनरेटर व्हायची आणि थोडी वीज परत बॅटरीत जायची. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत 'रीजेन' वाचलं की मला हीच गाडी आठवते.

१९३९ पर्यंत अशा चार गाड्या झाल्या. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटनचा कोळसा आटला. वाफेच्या इंजिनांत पीट, भुकटी, मिळेल ते जाळायची वेळ आली. कित्येक गाड्या रद्द झाल्या. ड्रमच्या गाड्या मात्र नदीच्या पाण्यावर धावत राहिल्या. ज्या दिवसासाठी त्या बांधल्या, तो दिवस खरंच आला आणि त्या कामाला आल्या. टेक्नॉलॉजी फसली असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही.

पण बॅटरी झिजते. फोनची झिजते तशीच. जस्ताचा तर त्रास आणखी वेगळा: डिस्चार्ज होताना ते द्रावणात विरघळतं आणि चार्ज करताना पुन्हा पत्र्यावर बसतं, पण पहिल्यासारखं सपाट बसत नाही. कधीतरी नवा संच घ्यावाच लागतो. युद्धानंतर तो खर्च करायला कुणी तयार नव्हतं. माझ्या धंद्यातही पहिल्या व्हर्जनला बजेट मिळतं, मेंटेनन्सला नाही, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

आता बॅटरीच्या ट्रेनची चर्चा पुन्हा सुरू आहे. डब्लिननेच २०२१ मध्ये तशा गाड्यांची ऑर्डर दिली. आपली पीजे लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच, आता तिथे ब्रॉडगेज होणार आहे. उद्या खान्देशातल्या एखाद्या छोट्या लाइनवर बॅटरीची गाडी आणायचं ठरलं, तर मी रेंज आणि स्पीड नंतर विचारेन. आधी विचारेन, दुसऱ्या बॅटरीचे पैसे कुठल्या खात्यातून येणार?

जुलै १९४९ मध्ये ड्रमच्या गाड्या बंद झाल्या. बॅटऱ्या काढून घेतल्या आणि उरलेले डबे साध्या डब्यांसारखे इंजिनामागे जोडले.