सशाचा पिंजरा: बंध की आसरा?



गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोन-तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. मुलांच्या हट्टापायी ससा घरात आला आहे, आता त्याला ठेवायचं कसं? पिंजरा केवढा घ्यायचा, त्यात काय घालायचं? आणि मग जरा आवाज खाली आणून दुसरा प्रश्न: आपण जैन, जीवाला असं कोंडून ठेवलेलं आपल्याला चालतं का?

पहिला प्रश्न घरकामाचा वाटतो, दुसरा धर्माचा. पण सशाच्या पिंजऱ्याचा इतिहास वाचत गेले तसं मला वाटू लागलं की दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभार आणि अन्नपाणी रोखणं. मारणं नंतर येतं, बंध आधी. मग सरळ उत्तर वाटतं की सशाला सोडून द्यावं. पण सोडायचं कुठे?

आपण मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना 'ससा' म्हणतो. आपल्या माळरानावरचा, गोष्टींमधला ससा बीळ खणत नाही. गवतात खळगा करून बसतो, त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. तो वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे, त्याला घरात ठेवणं गुन्हा आहे. दुकानात मिळणारा पांढरा किंवा ठिपक्यांचा ससा हा युरोपातल्या सशाचा वंशज. त्याचं मूळ घर स्पेन-पोर्तुगालचा भाग. तो बिळात राहतो, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. त्याला आपल्या टेकडीवर सोडलं तर कुत्री-मांजरी त्याला फार वेळ जगू देणार नाहीत. ते अभयदान नव्हे. म्हणून जो ससा घरात आलाच आहे, त्याच्यापुरता प्रश्न उरतो तो एवढाच: बंध कमीत कमी कसा करायचा?

इथे इतिहास कामाला येतो. इ.स.पू. 37 च्या सुमारास रोमन लेखक वॅरो याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात सशांच्या आवाराचं वर्णन आहे. भोवती दगडी भिंत, तिला गुळगुळीत गिलावा, म्हणजे मांजरासारखा प्राणी चढून आत येणार नाही, आणि उंची इतकी की लांडगा उडी मारू शकणार नाही. आत लपायला झाडोरा. स्पेनकडच्या, बीळ खणणाऱ्या सशाचाही तो उल्लेख करतो. त्या सशाचं लॅटिन नाव 'क्युनिक्युलस', आणि हाच शब्द भुयारालाही वापरत. हे आवार वाचताना बरं वाटतं. पण पुढेच तो सांगतो की अलीकडे या आवारातून ससे काढून पिंजऱ्यात कोंडून लठ्ठ करण्याची पद्धत पडली आहे. म्हणजे लहान पिंजरा जन्मला तो सशाच्या गरजेतून नाही, खाणाऱ्याच्या घाईतून. हलला नाही की चरबी चढते, एवढाच त्याचा हिशेब.

त्याच रोमन काळातली एक वेगळी खूणही सापडली आहे. इंग्लंडमध्ये फिशबोर्न इथे पहिल्या शतकातला एक मोठा रोमन वाडा आहे. तिथे 1964 मध्ये उत्खननात निघालेला हाडाचा एक चार सेंटिमीटरचा तुकडा कित्येक वर्षं खोक्यात पडून होता. तो सशाचा असल्याचं 2019 मध्ये जाहीर झालं. त्यावर सुरीच्या खुणा नाहीत. अभ्यासकांना वाटतं की तो ससा खाण्यासाठी नव्हता, बंदिस्त जागेत कौतुकाने पाळलेला असावा. एका हाडावरून फार मोठं बोलू नये, पण कौतुकाचा ससासुद्धा बंदिस्तच होता, हे लक्षात राहतं.

उपासाशी जोडलेली एक गोष्ट तुम्ही कदाचित वाचली असेल. सन 600 च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिल्लं 'मांस नाही' असं ठरवलं, म्हणून ती ख्रिस्ती उपवासात चालू लागली आणि मठांमध्ये ससा पाळीव झाला, अशी ती गोष्ट. पुस्तकांतूनही ती वर्षानुवर्षं छापली गेली. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी ती तपासली तर असा हुकूम मिळालाच नाही. टूर्सचे ग्रेगरी हे दुसरेच गृहस्थ, त्यांच्या इतिहासातल्या एका वेगळ्या प्रसंगावरून हा गोंधळ झाला होता. ससा एका दिवसात, एका हुकमाने पाळीव झाला नाही. माणसाने त्याला शतकानुशतकं थोडं थोडं जवळ आणलं.

बाराव्या शतकात नॉर्मन लोकांनी ससे इंग्लंडमध्ये आणले. तेव्हा ते इतके नाजूक होते की त्यांच्यासाठी भुसभुशीत मातीचे लांबट उंचवटे रचावे लागत, आत बिळं सोपी जावीत म्हणून. त्यांच्या खुणा तिथल्या माळांवर अजून दिसतात. हेतू मांस आणि कातडं हाच होता, पण जागा निदान सशाच्या स्वभावाची होती.

पुढे ससा शहरात आला आणि पेटीत गेला. इंग्रजीतला 'हच' हा शब्द मुळात धान्य किंवा कपडे ठेवायच्या पेटीचा, तोच सशाच्या खुराड्याला लागला. एकोणिसाव्या शतकात कामगारवस्त्यांच्या मागच्या अंगणात अशा पेट्या दिसू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसाचं रेशन झालं, तेव्हा घरोघरी ससे वाढवायला सरकारनेच उत्तेजन दिलं. पेटी लहान, कारण त्यात ससा काही महिनेच राहणार होता.

युद्ध संपलं, 1954 मध्ये रेशनही संपलं. ससा मुलांचा सोबती झाला, आठ-दहा वर्षं जगू लागला. पण पेटी तीच राहिली! आज आपल्याकडच्या दुकानात दोन फुटी, तळाला तारेची जाळी असलेला पिंजरा मिळतो, तो याच पेटीचा नातू. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर उभं राहून त्याचे तळवे सोलवटतात, जखमा होतात.

1965 मध्ये ब्रिटनमध्ये ब्रँबेल समितीने फार्मवरच्या प्राण्यांविषयी अहवाल दिला. त्यातली किमान मागणी अशी की प्राण्याला उभं राहता, आडवं होता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता यावेत. इतकं साधं मागण्यासाठीही समिती बसवावी लागली. 1985 मध्ये अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांचं घरातल्या सशावरचं पुस्तक आलं, 1988 मध्ये कॅलिफोर्नियात हाउस रॅबिट सोसायटी उभी राहिली. ससा मांजरासारखा घरात मोकळा राहू शकतो, ठरावीक ट्रेमध्ये शी-शू करायला शिकतो, हे त्यांनी लोकांना पटवलं. ब्रिटनमधली सशांची संस्था आज दोन सशांसाठी किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच जागा सांगते. म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट, आणि ती चोवीस तास उपलब्ध असावी असं सांगते.

आपल्या फ्लॅटमध्ये हे कसं बसवायचं? पिंजरा विकत घेण्याऐवजी जाळीच्या घडीच्या पट्ट्या घ्या आणि हॉलचा एक कोपरा अडवा. फरशी घसरते, म्हणून खाली जुनी सतरंजी. पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालून दोन बाजूंना दारं कापा. बिळाला दोन वाटा असल्या की ससा निर्धास्त असतो. कोपऱ्यात ट्रे, त्यात कागदाचे कपटे, शेजारी वाळलं गवत, कारण तो खाता खाताच ट्रे वापरतो. विजेच्या वायरी उचलून ठेवा. उन्हाळ्यात बाल्कनीत ठेवू नका. सशाला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्याचा जीव धोक्यात येतो. नर-मादी एकत्र ठेवू नका, गर्भ महिन्याभराचाच असतो आणि मग जीव वाढत जातात.

दोन गोष्टी खास आपल्या घरांसाठी. गाजर आपल्याकडे येत नाही म्हणून हळहळू नका, सशाला कंदमूळ लागतच नाही. गवत हेच त्याचं अन्न. आणि दुसरं, त्याला आपला चौविहार लावू नका. त्याचं पोट सतत चालू लागतं, बारा तास उपाशी राहिला तरी आतडी थांबून तो दगावू शकतो. रात्री गवत आणि गाळलेलं पाणी त्याच्यापुढे असलंच पाहिजे. नाहीतर बंधाला पाचव्या अतिचाराची जोड मिळेल.

ज्ञाताधर्मकथेतला मेघकुमार आठवतो ना? राजवाडा सोडून दीक्षा घेतली, पण पहिल्याच रात्री झोपायची जागा दाराशी मिळाली. येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागून डोळ्याला डोळा लागेना, म्हणून तो परत निघाला. तेव्हा भगवान महावीरांनी त्याला त्याचा मागचा भव सांगितला. तो हत्ती होता. वणव्यात सगळे प्राणी एका मोकळ्या जागेत दाटले होते. त्याने खाजवायला पाय उचलला आणि तेवढ्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने अडीच दिवस पाय खाली टेकवला नाही.

त्या सशाला जागा मिळाली ती एका पावलाएवढीच, पण वणवा विझल्यावर तो निघून गेला. आपल्या घरातल्या सशाला जायला रान नाही, म्हणून त्याला पावलाएवढी जागा पुरणार नाही. टेप घ्या, हॉलचा कोपरा मोजा. सोफा सरकवावा लागला तर सरकवा. आणि घरात अजून ससा आलेला नसेल, आणि एवढी जागा निघत नसेल, तर मुलांना तसं समजावून सांगा.