हॉपमन, हॅरी
(१२ ऑगस्ट १९०६ – २७ डिसेंबर १९८५). ऑस्ट्रेलियन टेनिसपटू आणि डेव्हिस चषक संघाचे कर्णधार-प्रशिक्षक. जन्म सिडनी येथे. खेळाडू म्हणून ते प्रामुख्याने दुहेरीत चमकले. पत्नी नेल यांच्यासह त्यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मिश्र दुहेरीची चार विजेतेपदे मिळवली. मेलबर्नमध्ये त्यांनी क्रीडापत्रकारिताही केली.

त्यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने १९३९ ते १९६७ या काळात डेव्हिस चषक १६ वेळा जिंकला. १९३९ मध्ये अमेरिकेविरुद्ध ०–२ अशा पिछाडीवरून मिळवलेला विजय विशेष गाजला. त्यांचे खरे कर्तृत्व मात्र संघ पुनःपुन्हा उभा करण्यात होते. सेजमन, होड, रोझवॉल, लेव्हर असे खेळाडू एकामागून एक व्यावसायिक झाले, की त्यांना डेव्हिस चषकाची दारे बंद होत. हॉपमन लगेच नवी मुले पुढे आणत. १९५३ च्या अंतिम लढतीत अमेरिकेला नमवणारे होड व रोझवॉल अवघे १९ वर्षांचे होते. धावणे, व्यायाम आणि एका खेळाडूसमोर दोघांना उभे करून घेतलेला दमछाक करणारा सराव हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. शिस्त मोडणाऱ्याला दंड भरावा लागे.

१९६६ च्या अंतिम फेरीत त्यांच्या संघाने मेलबर्न येथे भारताला ४–१ असे हरवले. रामनाथन कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम-रोश या बलाढ्य जोडीवर मिळवलेला दुहेरीतील विजय भारतीय टेनिसमध्ये आजही मानाचा आहे.

पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले. न्यूयॉर्कजवळील पोर्ट वॉशिंग्टन अकादमीत व्हिटास गेरुलायटिस व जॉन मॅकेन्रो यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. फ्लॉरिडात त्यांचे निधन झाले. १९८९ पासून पर्थ येथे सुरू झालेल्या मिश्र सांघिक स्पर्धेला ‘हॉपमन चषक’ हे नाव देण्यात आले.