बर्नआउट: आधी कोण जळलं?

"फुल बर्नआउट झालाय यार," असं आपण परीक्षेबद्दल म्हणतो, ऑफिसबद्दल म्हणतो. पण हा शब्द मानसशास्त्रात रुळला तो कुठल्या कॉर्पोरेट ऑफिसमुळे नाही. दुसऱ्यांचं मन सांभाळणारीच माणसं जळत होती, त्यांच्यामुळे.

तर चला न्यूयॉर्कला. १९७० च्या दशकाची सुरुवात. ईस्ट व्हिलेज भागात सेंट मार्क्स फ्री क्लिनिक हा मोफत दवाखाना होता. ड्रग्जमध्ये अडकलेली तरुण मुलं तिथे यायची, आणि त्यांना सांभाळणारे बरेचसे स्वयंसेवकही तरुणच. तिथे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करत. लहानपणी नाझी जर्मनीतून निसटून अमेरिकेत आलेला माणूस. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस, मग रात्री उशिरापर्यंत क्लिनिक. तेही फुकट.

शेवटी व्हायचं तेच झालं. कुटुंबासोबत सुट्टीवर जायचं ठरलं होतं आणि यांना अंथरुणातून उठवेना. मग त्यांनी काय केलं? टेप रेकॉर्डरपुढे बोलत बसले आणि स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकला, जणू समोर पेशंट बसलाय. थकवा होताच, पण त्या आवाजात रागही होता. (पॉडकास्टवाली म्हणून मला हा भाग फार आवडतो.)

१९७४ मध्ये त्यांनी 'स्टाफ बर्न-आउट' हा लेख लिहिला. त्यात ते म्हणतात, काम सुरू केल्यावर साधारण वर्षभरात हे दिसू लागतं. सर्दी जाता जात नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते. आणि आधी कोण कोसळतं? कामचुकार नाही, तर जीव ओतून काम करणारे.

उपाय वाचून तर मी थांबलेच. नव्यांना नीट ट्रेनिंग द्या. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा त्याच अवघड कामावर पाठवू नका. तास मर्यादित ठेवा. सुट्टी द्या. यातलं बहुतेक सगळं संस्थेने करायचं आहे, थकलेल्या माणसाने नाही! २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकाळच्या ताणातून उद्भवणारा सिंड्रोम, अशी त्याची व्याख्या केली.

आता माझं सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करताना दुसऱ्या वर्षी माझी झोप उडाली होती. दिवसभर केसेस, रात्री थिसिस. एका पेशंटचं बोलणं डोक्यातून जाईना, पण सुपरव्हिजनला वेळ मिळायचा जेमतेम दहा मिनिटं, तीही कॉरिडॉरमध्ये चालता चालता. मी हे वर सांगितलं. उत्तर म्हणून आम्हा सगळ्यांसाठी 'सेल्फ-केअर' वर्कशॉप ठेवलं गेलं. रविवारी. हजेरी सक्तीची.

तुमच्यापैकी कोणी अशा ट्रेनिंगमध्ये असाल, तर आठवड्याचे तास किती भरतात आणि त्यात सुपरव्हिजन किती, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. नाव सांगितलं नाही तरी चालेल.